गंगीचा केसपेपर

गंगी गायीला जनावरांच्या दवाखान्यातल्या खोड्यात घालून मल्लप्पानं तिची शिंगं दोरीनं लाकडाला आवळली. काझी डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी एकेक सड बोटांनी चाचपला. चारही सडांवर चामखिळी होत्या. दोन तर तुरीच्या दाण्याएवढ्या, देठावर लोंबणाऱ्या. हात लागला की गंगी मागचा पाय झाडत होती.

"किती दिवस झाले?"

"दोन म्हैने झाले की, सायेब," मल्लप्पा म्हणाला. "धार काढू देत न्हाय. दुष्काळात सगळी दावण मोकळी झाली हुती. त्यानंतर घेतलेलं पयलं जनावर हाय ह्ये."

"घरी काही उपाय केला?"

मल्लप्पा जरा घुटमळला. "क्येला की. जिथनं आलं, तितंच क्येला."

"म्हणजे?"

"हिच्या हाताला चामखीळ हुती." त्यानं हनुवटीनं मागं दाखवलं. चार पावलांवर त्याची बायको दाक्षायणी उभी होती. उजवा हात तिनं पदराखाली घेतला होता. "धार हीच काढायची. हिच्या हाताची गायीला लागली. आमच्या आईनं वळखलं."

दवाखान्याच्या ओट्यावर सात-आठ माणसं आपापली जनावरं घेऊन बसली होती. त्यांतल्या दोघांनी माना डोलावल्या.

डॉक्टर उठले. "कुणी सांगितलं हे? माणसाची चामखीळ वेगळी, जनावराची वेगळी. बाईच्या हाताची गायीला होत नाही. गोठ्यात दुसरं जनावर आहे?"

"एक कालवड हाय. दिवाळीत सांगोल्याच्या बाजारातनं आणलीया."

"तिच्या अंगावर चामखिळी?"

"मानंवर हायत. बारक्या बारक्या."

"कुणी आणली ती?"

"म्याच."

"मग झालं तर. तिच्यापासून आल्या. दोघींना एकाच दावणीला बांधत असाल. वेगळी बांधा. तिच्या मानेवरच्या काही महिन्यांत आपोआप जातील."

डॉक्टरांनी पेटीतून दोरा काढला. दोन्ही लोंबत्या चामखिळींच्या देठाशी घट्ट गाठी मारल्या आणि वरून औषध लावलं. "आठ-दहा दिवसांत सुकून गळतील. ओढून तोडायच्या नाहीत. बस, इतकंच."

"इतकंच?"

हा आवाज दाक्षायणीचा होता. ती पुढं आली. पदराखालचा हात तिनं डॉक्टरांच्या समोर धरला. अंगठ्याच्या मुळाशी कातडं काळं पडून फाटलं होतं. कडेनं पू धरला होता. बोटं मिटत नव्हती.

"विळा तापवून डागलंय, सायेब. गेल्या अमावश्येला. गुरप्पा देवऋषी डागत हुता, आन् ह्येंनी मनगट धरलं हुतं."

डॉक्टरांनी वाकून हात बघितला. "हे सोलापूरला मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं. आजच्या आज. मी जनावरांचा डॉक्टर आहे, बाई."

"मग बरोबर ठिकानी आले की मी. मलाबी असंच खोड्यात घातलं हुतं. गंगीला निदान तुमी दोरा बांदला."



"गप," मल्लप्पा दातओठ खात म्हणाला. "चार मानसांत काय लावलंयस? झालं ते झालं. घरी चल."

"न्हाय यायची." तिचा आवाज खाली येत नव्हता. "दोन म्हैने गोठ्यात पाय ठेवू दिला न्हाय मला. माझ्या ल्येकीला माझ्याजवळ निजू दिलं न्हाय. माझ्या हातचं पानी कुनी पीत न्हवतं घरात. आन् आता झालं ते झालं?" ती डॉक्टरांकडं वळली. "सायेब, तुमी आत्ता बोललासा, ते कागदावर लिवा. सई-शिक्क्यानिशी."

"हा गायीचा केसपेपर आहे, बाई. त्यात असं कसं..."

"गायीचंच लिवा की. तिला कुनापासनं झालं, येवढंच लिवा."

डॉक्टरांनी तिच्या हाताकडं पुन्हा एकदा बघितलं. खिशातलं पेन काढून त्यांनी उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि आत जाऊन शिक्का मारून आणला.

दाक्षायणीनं डाव्या हातानं कागद घेतला. तिला अक्षर येत नव्हतं. तरी तिनं तो थोडा वेळ नजरेसमोर धरला. मग नवऱ्याच्या छातीवर टेकवला.

"तुमी चौथी शिकलाय. वाचा."

"घरी वाचतो."

"हितं. मोठ्यानं."

मल्लप्पाच्या मानेच्या शिरा टरारल्या. त्याचा हात वर गेला. डॉक्टर एक पाऊल पुढं सरकले. ओट्यावरची माणसं बघत होती. त्यानं वर गेलेला हात कागदाला लावला.

"गायीच्या सडावरील..." तो पुटपुटला.

"ऐकू आलं न्हाय."

"गायीच्या सडावरील चामखिळी नवीन कालवडीपासून आलेल्या आहेत!" तो ओरडला. "मालकिणीच्या हाताच्या चामखिळीशी त्यांचा काही संबंध नाही!"

मघाशी माना डोलावणारे दोघंही आता खाली बघत होते.

ओट्याच्या टोकाला म्हातारी केराबाई शेळीचं दावं धरून बसली होती. ती म्हणाली, "वाच की फुडं. हिचा हात कुनी जाळला, ते काय लिवलंय?"

मल्लप्पानं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.