दुसरी शेड

चाकूरच्या शेडला कुलूप नव्हतं. सुदर्शननं मोटरसायकल मुद्दाम लांब, लिंबाखाली लावली होती. आपणच चोरासारखं यावं लागलं याचा त्याला राग आला, आणि तोही त्यानं मनातल्या मनात थोरल्या भावावरच काढला.

आत पाऊल टाकलं आणि तो थांबला. पाइप वाकवायचं मशीन. दोन वेल्डिंग मशिनं. पलंगाच्या मापाचे साचे, भिंतीला टेकवून ठेवलेले. रंगाचे डबे, तेही त्याच निळ्या रंगाचे. लातूरच्या कारखान्यात जे जे होतं, ते सगळं इथं दुसऱ्यांदा मांडलेलं होतं.

लातूरचा लोखंडी पलंगांचा कारखाना महादेवप्पा आणि सुदर्शन या दोघा भावांचा. भूकंपानंतर पत्र्याच्या खोल्यांना सांगाडे लागायचे, ते त्यांनी केले. ते काम आटलं तोवर गावोगावची पोरं क्लाससाठी लातूरला लोटली होती, गल्लीगल्लीत हॉस्टेलं निघाली होती. मग त्याच पाइपांचे पलंग झाले. धंदा कुठं वळणार हे महादेवप्पाला, म्हणजे अण्णाला, सगळ्यांच्या आधी कळायचं. आता अण्णाच कुठं वळलाय हे सुदर्शनला कळत नव्हतं.

संशय पाइपांपासून सुरू झाला. इतकी वर्षं माल जालन्याहून यायचा. यंदा अण्णानं निम्मा हैदराबादहून मागवला, तोही चढ्या भावानं. मग जुना वेल्डर पंचाक्षरी आठवड्यातले निम्मे दिवस दिसेनासा झाला. विचारलं तर अण्णाचं उत्तर तयार. जूनमध्ये पोरं यायच्या आत हॉस्टेलात पलंग पोचलेच पाहिजेत. एकीकडचा माल अडकला तर दुसरीकडून यावा, एक जागा बंद पडली तर दुसरी चालावी. ऐकायला झकास होतं. पण त्यांचा कारखाना आजवर कधी बंद पडला नव्हता. आणि ही अक्कल अण्णाची नव्हे, वहिनीची आहे, असं सुदर्शनच्या बायकोनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

केवळावहिनीचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपात त्या घरातलं कुणी उरलं नाही, आणि त्यावर घरात कुणी बोलत नसे. सुदर्शनच्या बायकोचं म्हणणं, माहेर गेलं तेव्हापासून बाईनं सासर मुठीत धरलंय. ऐन दिवाळीत सगळे जमले की वहिनी काहीतरी निमित्त काढायची आणि सुदर्शनच्या पोरांना भोकरला त्यांच्या मामाकडं धाडायची. जावेची पोरं डोळ्यात खुपतात, दुसरं काय! सुदर्शन आधी हे हसण्यावारी न्यायचा. अलीकडं त्याला हसू येत नव्हतं.

शेडच्या मागच्या दारातून बोलण्याचा आवाज आला. तो तसाच त्या दारातून पलीकडं गेला. मागं दोन नव्या खोल्या निघाल्या होत्या, वर पत्रे, भिंतींना ओल्या चुन्याचा वास. अण्णा फळीचं माप घेत होता. वहिनी पदर खोचून नवा ओटा घासत होती. सुदर्शनला आणखी काही बघायची गरज राहिली नाही. मशिनं वेगळी एक वेळ चालतील, इथं तर चूलही वेगळी मांडली होती.

गावाकडं वाटणीची रीत ठरलेली. थोरल्यानं ढीग लावायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. इथं ढीग लागले होते, पण 'उचल' म्हणायला त्याला कुणी बोलावलं नव्हतं. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. अण्णानं त्याला पोरासारखं वाढवलं होतं, आणि वेगळं व्हायची गोष्ट त्याला मजुरांच्या कुजबुजीतून कळावी?

तो मनात साठलेलं सगळं बोलला. अण्णाचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा जालना, हैदराबाद, अडकलेला माल सुरू केलं, पण ते अर्ध्यावरच सोडून तो बायकोकडं बघायला लागला. मग सुदर्शनही तिच्याकडंच वळला.

"घर फोडून राहिलात तुम्ही, वहिनी. निदान तोंडावर तरी सांगायचं."

केवळावहिनीनं हातातली घासणी खाली ठेवली. धंदा एकच राहील, म्हणाली, गल्लाही एकच. पण एका भावानं बायकापोरं घेऊन इथं राहायचं आणि एकानं लातूरला. कुणी कुठं ते धाकट्यानं आधी ठरवावं. तुमच्या भावाला हे सांगायला तोंड होईना, म्हणून तो पाइपांच्या आड लपत होता. ती हे अगदी शांतपणे म्हणाली, जणू सगळं आधीच ठरलं होतं.

त्या शांतपणानं सुदर्शनचं डोकं फिरलं. तिला लागेल असंच बोलायचं त्याच्या मनात आलं, आणि घरात कुणी काढत नसे ते त्यानं काढलं. तुमचे चार भाऊ, तो म्हणाला, शेवटपर्यंत एका मातीच्या माळवदाखाली नांदले. सगळा तालुका त्या घराचं नाव घ्यायचा. त्याच घरची लेक तुम्ही, आणि आमच्यात भिंत घालता?

अण्णानं त्याला गप्प करायला हात वर केला. वहिनीनं मानेनंच नको म्हटलं.

"हाव भाऊजी, घर फोडूनच राहिले मी," ती म्हणाली. "माझ्या माहेरचं असं कुणी येळंवर फोडलं असतं, तर आज मला एक तरी भाऊ असता."