स्म्यूज

इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये सशाच्या रोजच्या येण्याजाण्याने काटेरी झुडपांच्या कुंपणाच्या तळाशी पडलेल्या भोकाला ‘स्म्यूज’ म्हणतात. मूळ म्हणे जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ लपायची जागा. अर्धांगवायूत विल्फ्रेडचे सगळे शब्द गेले, बायकोचं, हेस्टरचं नावसुद्धा. उरला हा एकच. पहाटेच्या धुक्यातून ससा अंगणात आला की दारातल्या खुर्चीतून तो हळूच म्हणायचा, “स्म्यूज.” एकदा कुंपण छाटून विणायला पेलिंग नावाचा गडी आला. “काकू, भोक बुजवतो, कोकरं पळतील.” “बुजवलंस तर चहा विसर,” हेस्टर म्हणाली. त्याने भोक राखलं, उलट ऐसपैसच करून दिलं. दुसऱ्या दिवशी, छाटलेल्या फांद्यांच्या वासाने असेल, ससा आलाच नाही. विल्फ्रेड ओठ मिटून धुक्याकडे पाहत राहिला. हेस्टर कुंपणापलीकडे शेतात गेली आणि ओल्या गवतावर रांगत भोकातून अंगणात शिरली. केसांत काटे अडकले. त्याने बराच वेळ पाहिलं. “हेस्टर,” तो ओरडला, “गुडघे सांभाळ!”