अळणी डबा

समिधा रागावली की नवऱ्याशी भांडायची नाही, दुसऱ्या दिवशीचा डबा अळणी पाठवायची. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत जेवायला बसलं की पहिल्याच घासाला प्रवीणला कळायचं. तो हसत फोन लावायचा, "मीठ सरलं काय गो घरातलं?" मग ती जी सुटायची, ती जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबायची नाही. संध्याकाळी तो घरी पोचेपर्यंत सगळं निवळलेलं असायचं.

काल त्याने तिला न विचारताच लेकीला शिकायला मुंबईला, भावाकडे ठेवायचं ठरवून टाकलं. समिधा "बरं" एवढंच म्हणाली आणि लेकीच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली.

आज प्रवीणने कँटीनमधून मिठाची पुडी आधीच आणून ठेवली. कुळथाच्या पिठीभाताचा घास तोंडात घातला. मीठ अगदी बरोबर होतं.

"मिटलं वाटतं भांडण!" शेजारी जेवणारा सोबती म्हणाला.

प्रवीणने फोन लावला. "मीठ..." त्याच्या तोंडून एवढंच निघालं.

"बरोबर आहे ना?" पाहुण्याला वाढताना विचारावं, तसं तिने विचारलं. "काही कमीजास्त असेल तर सांगा हां."