घराचा वास

गिऱ्हाइकं घर बघायला येणार म्हटल्यावर मालकाने घरात थांबायचं नसतं. म्हणून मार्नी आणि तिचा नवरा डेल दोन्ही दिवस पोरांना घेऊन पिट्सबर्गभर भटकले. शनिवारी संग्रहालयातले डायनासोर, रविवारी प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन. घराला छान वास यावा म्हणून निघण्याआधी मार्नीने घर विकून देणाऱ्या एजंटबाईच्या सांगण्यावरून बिस्किटंही भाजली होती. तरी फोन वाजला की ती दचकून पर्स चाचपायची. पेंग्विनसमोर धाकट्याचा हात कधी सुटला, तेही तिला कळलं नाही.

"अगं, विकलं जाईल! मग काय, माझी टेक्ससची नोकरी, आपलं टेक्ससचं घर," डेल म्हणाला.

परतताना एजंटबाईचा फोन आला. "आज लोक वरच्या खोलीतून नाक धरून पळत होते हो! काय मेलंय तिथे? पुढच्या शनिवारी परत लोक येणारेत!"

घरी पोचताच मार्नी धावत वर गेली. सात वर्षांच्या हॅटीच्या पलंगाखाली मासळीचा पत्र्याचा डबा होता, अर्धवट उघडलेला. हॅटी दारातच रडवेली होऊन उभी राहिली.

"सापडलं का काही?" डेलने खालून विचारलं.

"नाही रे, बाथरूमचा पाइप तुंबलाय वाटतं!" मार्नी ओरडली. मग हॅटीच्या कानाशी वाकली.

"पुढच्या शनिवारी झाकण पूर्ण काढ."