सोनेरी कार्ड

व्हिडिओ गेममधल्या ड्रॅगनने सातव्यांदा त्याचा चेंदामेंदा केला, तसा त्याने कंट्रोलर सोफ्यावर आदळला.

"चित्रं सुरेख, तलवारबाजी झकास, पण कार्डं वाटताना मेला हा गेम डूख धरतो. ढाल हवी की हातात नेमकी मशाल येते," तो करवादला.

बायको लेकीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने पडद्याकडे पाहिलं. "आणि ते कोपऱ्यातलं सोनेरी?"

"ते जीव वाचवतं. पण एकदाच वापरता येतं, म्हणून अडीअडचणीला राखून ठेवलंय."

"सातही वेळा ते हातात धरूनच मेलास की."

"अगं, पुढे याहून मोठी अडचण आली तर?"

तिने फ्रॉकची घडी दाबून सारखी केली.

"माझ्या बाळंतपणात रजा काढ म्हटलं, तेव्हाही तू हेच म्हणाला होतास."