सरळ ओळी

मावशीने रिकामी बॅग पलंगावर ठेवली आणि चेन उघडली.

"कपडे आणि वह्या तेवढ्या भरते. बाकीचं नंतर नेऊ."

"आधी घर बघा, ताई," वायरमन म्हणाला. "ठरलंय तसं."

ठरलं होतं ते असं. थंडीच्या सुरुवातीला त्याची बायको गेली. भेटायला आलेली माणसं पांगल्यावर तिच्या थोरल्या बहिणीने आडपडदा न ठेवता सांगितलं, "भाऊजी, नऊ वर्षांची पोर तुम्हाला एकट्याला झेपायची नाही. ठकूला मी नेते." त्याने थंडी सरेपर्यंतची मुदत मागून घेतली; तेव्हा येऊन घर बघा आणि मग ठरवा, म्हणाला. थंडी सरली. मावशी आली.

तिने घर बघितलं. कपाटात गणवेश इस्त्री करून टांगलेले होते. एक बटण बारीक तारेने बसवलं होतं, पण पक्कं होतं. केबलचे पदर पिळावेत तशी त्याने मुलीची वेणी घातली होती. मावशीने ती ओढून पाहिली. ठकू मागे आली, वेणी सुटली नाही.

"जेवणाच्या डब्याचा तिसरा खण कुठंय?"

"हरवला. महिना झाला, शोधतोय."

"आणि ठकू, ही काय नखं झाली? कोळशाच्या वखारीत जातेस की शाळेत?"

ठकूने हात पाठीमागे नेले.

वायरमन हसला. "नखं कापू हो. तुम्ही मागे चला. खरं बघण्यासारखं तिथंच आहे."

घरामागे वाफा होता. थंडी ओसरली की बायको तिथे टोमॅटो लावायची. आधीच्या हंगामाचं बी ती स्वतः वाळवून पाकिटात ठेवायची. या वर्षी ते पाकीट त्याने उघडलं. त्याला झाडांतलं काही कळत नव्हतं, पण हाताला कामाची शिस्त होती. त्याने दोरी ताणून ओळी आखल्या आणि टेपने मोजून बी टाकलं. रोज सकाळी ठकूचा डबा भरला की शाळेची बस येईपर्यंत दहा मिनिटं मिळायची. तेवढ्यात तो दर ओळीला मोजून दोन मग पाणी घालायचा.

उगवलं तेव्हा दोन तऱ्हेचं उगवलं. त्याने तारा निवडाव्यात तशी निवड केली. जे एकसारखं आणि भरपूर होतं ते ठेवलं. मधूनमधून जे केसाळ आणि मरतुकडं दिसलं ते कामाचे रबरी हातमोजे घालून, शिट्टी वाजवत उपटलं आणि कोपऱ्यात फेकलं.

आता वाफा वीतभर हिरवा झाला होता.

"बघा," तो छाती काढून म्हणाला. "हिच्या हातूनही इतकं दाट कधी आलं नव्हतं."

मावशी वाकली. तिने एक पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊजी, हे तण आहे."

"कुठलं?"

"सगळंच. ओळी मात्र सरळ आहेत हो."

 पाणी घालायला उचललेला मग त्याच्या हातातच राहिला.

"रोप काय आणि पोर काय," मावशी म्हणाली, "आधी ओळखता यावं लागतं." ती बॅग भरायला घराकडे वळली.

"मावशी, थांब," ठकू म्हणाली. "इकडे ये ना."

ती दोघांना पाण्याच्या टाकीपलीकडे घेऊन गेली. तिथे सकाळचं ऊन येत होतं. त्या उन्हात वीसएक रोपं ओळीने उभी होती. काही जुन्या स्विचबोर्डच्या डब्यांत, काही कान तुटलेल्या कपांत. एक जेवणाच्या डब्याच्या हरवलेल्या तिसऱ्या खणात. प्रत्येकाला काडीचा आधार होता आणि काडीला वायरमनच्याच काळ्या टेपचा तुकडा.

"बाबा उपटून टाकायचे ना, ती," ठकू म्हणाली. "थोडी मेली. ही जगली. आईबरोबर मीच तर लावायचे."

वायरमन खाली बसला. हातात मोजे नव्हते. त्याने एक केसाळ पान बोटांत चोळलं आणि बोटं नाकाशी नेली. दरवर्षी या दिवसांत बायकोच्या हातांना हाच वास असायचा. 

मावशीने नाक ओढलं आणि पदराने पुसलं. "एक तण वाढवतो, दुसरी टोमॅटो वाढवते. यांना वेगळं केलं तर दोघंही उपाशी मरतील," असं पुटपुटत ती आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. बॅग रिकामीच होती.

"चार रोपं दे यात. उभी ठेव. चेन लावू नकोस, गुदमरतील."

"आणि कपडे?" वायरमनने विचारलं.

"कपडे कपाटातच बरे. तारेने बटणं लावायला माझ्या घरी कोण बसलंय?"

तो उठला आणि वाफ्याकडे गेला. उघड्या हातांनी त्याने पहिल्या ओळीतलं तण उपटायला घेतलं. मावशीने फाटकाशी ठकूला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "पण काय गं, तण आहे हे पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का बाबांना? बिचारा महिनाभर पाणी घालत बसला."

ठकूने एकदा मागे वळून पाहिलं.

"सांगायलाच गेले होते," ती कुजबुजली. "पण आई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा बाबा शिट्टी वाजवत होते."