उरलेली जोडी

खेळघराच्या दारावर पाटी होती, मोज्यांशिवाय आत सोडणार नाही. नव्या आईने लाल आणि निळी अशा दोन जोड्या घेतल्या. लग्नाला वर्ष होत आले, तरी आईवेगळ्या लेकीने तिला अजून कुठलीच हाक मारली नव्हती. मुलीने एक लाल मोजा उचलला, एक निळा. "अगं, लोक हसतील!" "हसू देत. आई मला असेच घालायची." मुलगी तुरुतुरु शिडी चढून उंच जाळीवर पोचली. खालून बघणाऱ्यांना वर नुसते तळवे दिसत होते, चिमणे, धावते, सगळे सारखे. "यातलं माझं कार्टं कुठलं?" शेजारची आई वैतागली. नव्या आईला मात्र एक लाल, एक निळा तळवा चटकन सापडला. उरलेला लाल, उरलेला निळा मोजा ओढूनताणून आपल्या पायांत चढवून ती जाळीखाली पाय पसरून बसली. वरून हाक आली, "मावशी, सापडलीस!"